सूतबाईची गिटार

कारखान्यात तिला सगळे सूतबाई म्हणत. नवरा शिंपी, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं, नाव त्याच्या धंद्यावरूनच पडलं असणार. पण तसं नव्हतं. पंपाचे दांडे कातताना ती सूतभर फरकही चालवून घ्यायची नाही. फोरमनने पास केलेला दांडासुद्धा पुन्हा लेथवर चढवायची. "बाई, पंपात बसवायचाय तो, गळ्यात नाही घालायचा," असं फोरमन कुरकुरायचा आणि मग मुकाट उभा राहायचा, कारण तिच्या हातचं काम कधी परत आलं नव्हतं.

घराच्या मागच्या खोलीत अर्ध्या भागात नवऱ्याचं शिलाई मशीन होतं आणि अर्ध्या भागात तिचा छोटा जुना लेथ. कापडाच्या चिंध्या आणि पितळेचा कीस एकाच केरसुणीत यायचा. तिथे ती इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करायची, पुढे पुढे स्वतःच बनवायला लागली. हा नाद लावला तो धाकट्या भावाने. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर बँडमध्ये वाजवायचा. एकदा तार ताणायची खुंटी मोडली म्हणून तो गिटार घेऊन आला. "ताई, एवढंसं आहे, बघतेस का?" एवढंसं म्हणता म्हणता तिने अख्खी गिटार खोलून टेबलावर पसरली आणि स्वतःच त्यात अडकली.

तिने बनवलेल्या पहिल्या गिटारीची मान वाकली. दुसरी सुरात लागेना. तिसरी मात्र जमली. जुन्या कपाटाच्या दाराचं लाकूड, आणि तारा जिथे टेकतात तो ब्रिज अख्ख्या पितळेचा, तिने स्वतः कातून घासून केलेला. तार छेडली की आवाज संपायचं नाव घेत नसे. भावाने ती एकदा खांद्याला लावली आणि मग दुसऱ्या गिटारीकडे ढुंकून पाहिलं नाही.

एकदा शाळांना सुट्टी होती, कारखान्याला नव्हती. त्या दिवशी दुपारी फोरमन तिच्या लेथपाशी आला आणि त्याने स्वतःच्या हाताने मशीन बंद केलं. असं त्याने कधी केलं नव्हतं.

"बाई, घरून फोन आहे. हात पुसा आणि या."

फोनवर नवरा होता. "तू घाबरू नकोस," तो म्हणाला. "हॉलमध्ये सराव चालला होता. तुझ्या भावाला शॉक बसलाय. दवाखान्यात नेलंय."

"कशाचा शॉक?"

नवऱ्याने दवाखान्याचा पत्ता सांगितला.

"अहो, कशाचा?"

"वाजवत होता गं. गाता गाता, तसाच मागे फेकला गेला."

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, पण ती दांडा धरून उभीच राहिली. डोळ्यांपुढे गिटारीचं पोट उघडं पडलं होतं. ब्रिजच्या खालून लाकडात भोक पाडून तिने एक तार आत नेली होती, अर्थिंगची. तिचा सोल्डरिंगचा डाख पक्का बसला होता ना? कुठे दुसऱ्या तारेला तर चिकटला नसेल? आणि एवढं पितळ कशाला वापरलं? बाजारातल्या गिटारींना निम्मे भाग प्लॅस्टिकचे असतात. आपण मेलं सगळं धातूचं केलं, दिसायला छान म्हणून. हातातला दांडा एकदम गार लागला आणि तिने तो सोडून दिला.

भाऊ काचेपलीकडे होता. डाव्या हाताला बँडेज, ओठ काळे पडलेले, छातीला नळ्या. बाहेरच्या बाकावर भावजय बसली होती. ती रडत नव्हती. सूतबाई शेजारी टेकली तशी ती समोर बघतच म्हणाली, "मी म्हणाले होते त्यांना, दुकानातली घ्या."

एवढंच. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर सूतबाईला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर नवऱ्याने चहा पुढे ठेवला. तो तसाच निवला.

"तुझं काम चुकत नाही," नवरा म्हणाला.

"आणि चुकलं असेल तर?"

"तर उघडून बघ. गिटार हॉलवरच आहे."

"तीच तर भीती आहे. उघडली आणि आत माझीच चूक निघाली, तर मी त्या पोरीला तोंड कसं दाखवू?"

नवऱ्याने हातातलं कापड बाजूला ठेवलं. "उद्या सकाळी मी येतो बरोबर. मला त्यातलं काही कळत नाही, पण तुझ्या मागे उभा तरी राहीन."

सकाळी भावाने डोळे उघडल्याचं कळलं, पण ठोके अजून नीट पडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही. तो निरोप ऐकून दोघं हॉलवर गेले. तिने पिशवीत वीज तपासायचा मीटर आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला होता.

हॉल रिकामा होता. स्टेजवर माइक तसाच उभा, खुर्चीवर गिटार, आणि बाजूला अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारी पेटी. पेटीचा लाल दिवा चालू होता.

"हे चालू कोणी ठेवलं?" तिने विचारलं.

"मीच लावलंय," हॉलचा रखवालदार म्हणाला. "सकाळपासून सगळं तपासतोय, बाई. माइक चालतो, पेटी चालते. दोष असलाच तर गिटारीतच असणार." तिने थांबा म्हणायच्या आत त्याने गिटार उचलली आणि तारांवर पंजा ठेवला. "आता बघा, हात लावलाय. मला तरी काही होत नाही."

गिटारीची वायर माइकच्या लोखंडी स्टँडला अडकली होती. ती ओढली गेली आणि स्टँड कलंडला. तो धरायला रखवालदाराने दुसरा हात पुढे केला.

एक हात तारांवर, दुसरा माइककडे. भाऊ असाच उभा असणार. सूतबाईला काहीच ठाऊक नव्हतं, दोष कुठे आहे तेही नाही, पण तो हात तिथवर जाता कामा नये एवढं कळलं. ओरडायला वेळ नव्हता. पायाशीच विजेचा बोर्ड होता. तिने पेटीची वायर दोन्ही हातांनी धरली आणि जिवाच्या आकांताने हिसडली. लाल दिवा विझला. पुढच्याच क्षणी रखवालदाराच्या हातात स्टँड आला.

"काय झालं, बाई?" तो गोंधळून म्हणाला.

ती खाली बसली होती. हातात वायरचं टोक होतं. तिने प्लग उलटा करून पाहिला. दोन पिना होत्या आणि वरची तिसरी, जाड, अर्थिंगची पिन मुळापासून कापलेली होती.

"ती होय? ती बोर्डात जात नव्हती," रखवालदार म्हणाला. "मीच कापली. पेटी काय, चालतेच की तिच्याशिवाय." मग त्याने हातातल्या स्टँडकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो हळूच स्टेजच्या कडेला टेकला.

तरीही गिटार उघडायची होतीच. तिने स्क्रू काढले, नवऱ्याने ते एकेक करून ओंजळीत धरले. आत सगळं जिथल्या तिथे होतं. डाख चकचकीत, पक्का.

दुपारी इलेक्ट्रिशियनने पेटी खोलली. आतल्या जुन्या वायरीचं आवरण झडून वीज पेटीच्या पत्र्यावर उतरली होती. तिला जमिनीत जायला वाटच ठेवलेली नव्हती, म्हणून ती वायरमधून गिटारीच्या तारांवर येऊन बसली. माइकचं अर्थिंग मात्र ठीक होतं, म्हणजे जमिनीची वाट तिथे मोकळी होती. भावाचा हात तारांवर होता, ओठ माइकला लागले, आणि वीज त्याच्यातून गेली.

"तुमची काही चूक नाही," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "ब्रिजखालची ती तार प्रत्येक गिटारीत असते. असायलाच हवी."

तिने मान हलवली. पण वीज ब्रिजपर्यंत आली ती तिच्याच डाखातून. डाख कच्चा असता, तार आतल्या आत सुटलेली असती, तर कदाचित त्याला काहीच झालं नसतं. जन्मभर कामात कसर सोडली नाही, आणि आता तेच मनात घर करून बसलं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

भाऊ वाचला. घरी आला, शाळेतही जायला लागला. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी बधिर राहिली. कापलेल्या पिनेची गोष्ट नवऱ्याने भावजयीच्या कानावर घातली, तेव्हा ती म्हणाली, "कळलं मला. तरी ती गिटार माझ्या नजरेसमोर नको." त्यात तिचं चुकलं असं सूतबाईला वाटलं नाही. मागच्या खोलीतल्या लेथवर नवऱ्याच्या कापडांचे गठ्ठे चढत गेले. कारखान्यात ती काम करायची, पण मशीनचं बटण दाबायच्या आधी दर वेळी वायर तपासून बघायची.

मग एका रविवारी भाऊच दारात उभा राहिला. मागे भावजय, दोघांच्या हातांत बँडची दुरुस्त केलेली पेटी आणि माइक.

"ताई, डॉक्टर म्हणतात बोटं हलती ठेवा. आता मी ती नकाशावर फिरवू की काय?"

सूतबाईने भावजयीकडे पाहिलं. ती म्हणाली, "रोज टेबलावर बोटं आपटत बसतात. मलाच बघवेना."

सूतबाईने गठ्ठे उतरवले आणि त्यांच्यामागे ठेवून दिलेली गिटार काढली. भिंतीतला सॉकेट तपासला, प्लग तपासला, पेटी चालू करून तिच्या पत्र्याला आणि माइकला मीटर लावला. काटा हलला नाही. पुन्हा लावला. मग भाऊ पुढे यायच्या आत तिने डाव्या हाताने सगळ्या तारा मुठीत धरल्या, डोळे मिटले आणि उजव्या हाताने माइक पकडला. भावजयीच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. काही झालं नाही. तिचं सगळं अंग घामाने भिजलं होतं, तरी तिने हात सोडले नाहीत.

"ताई, पुरे आता," भाऊ म्हणाला. "दे इकडे."

तो वाजवायला लागला. दोन बोटं मागे पडत होती, सूर निसटत होते, त्यावर तो स्वतःच हसत होता. भावजयीने शिलाई मशीनपुढचं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा की, ताई."

"नको," सूतबाई म्हणाली. "मी इथेच बरी."

गाणं संपेपर्यंत ती भिंतीपाशी उभी होती, बोर्डाच्या बटणावर बोट ठेवून.