लाटणं थांबलं तिथे

मिझुतानीसान गेल्याचं त्यांच्या मुलीच्या ई-मेलने कळलं, तेही तीन आठवड्यांनी. ते तिच्याकडे ओसाकाला गेले होते. मी मात्र रोज त्यांच्या बंद दारावरून जाताना अजून कसे परतले नाहीत म्हणून मनात कुरकुरत होते... सख्खा शेजार, आणि मला पत्ताच नाही.

२००२ मध्ये गिरीशच्या नोकरीपायी आम्ही अमेरिकेत नोव्हायला आलो. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. दिवसभर सोबतीला फ्रिजची घरघर. शेजारी हे साठीचे गृहस्थ, बायकोच्या बदलीबरोबर आलेले आणि ती वारल्यावरही इथेच राहिलेले. व्हिडिओ गेमना संगीत द्यायचे. त्यांनी सुरुवात केली तेव्हा यंत्रातून एका वेळी जेमतेम तीन सूर निघायचे. त्यातच त्यांनी समुद्र, लढाया, लग्नं सगळं बसवलं. गेममधली धून संपून चालत नाही. खेळणारा अडकला की तीच पुन्हा वाजत राहते, म्हणून तिचं शेवटचं टोक सुरुवातीला असं जोडायचं की सांधा कळू नये. तो तपासायला त्यांना संगीतातलं काही न कळणारं माणूस हवं होतं. माझ्याइतकं लायक कोण मिळणार?

दर मंगळवारी दुपारी ते सीडी प्लेअर आणून ओट्यावर ठेवत. मी पोळ्या लाटायची. ते माझ्या तोंडाकडे नाही, लाटण्याकडे बघत बसायचे. हात जरा अडखळला की कागदावर खूण. मग तूप लावून दोन पोळ्या खायचे आणि जायचे. "तुझा पगार तेच खाऊन जातात," असं गिरीश चिडवायचा. पण पाच वर्षं मला तेवढी एकच नोकरी होती.

गेल्या वर्षापर्यंत त्यांचं काम आटत आलं होतं. कंपन्यांना तरुण माणसं हवी होती. बऱ्याच दिवसांनी एका धुनेची मागणी आली, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. धून संपून पुन्हा सुरू झाली आणि माझं लाटणं थांबलं. चक्क थांबलं. त्यांनी वर पाहिलं. पेन कागदाजवळ धरून ठेवलं.

"पीठ चिकटलं," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी खूण केली नाही. कंपनीने धून नाकारली. मंगळवारही बंद झाले. मला खूप अपराधी वाटायचं, तरी त्यांचं दार वाजवायचं धाडस झालं नाही. दोन घरांत दोन माणसं, मधे एक भिंत... मूर्खपणाच.

परवा त्यांच्या मुलीने पाठवलेलं पाकीट आलं. आत सीडी, वर त्यांच्या अक्षरात माझं नाव आणि 'स्वयंपाकघरासाठी'. मी कणीक मळली, प्लेअर ओट्यावर ठेवला. तीच धून. सांधा जवळ आला तसा माझा हात आपोआप सावध झाला. पण धून पुन्हा सुरू झालीच नाही. एका खालच्या सुरावर येऊन शांतपणे संपली. ज्या माणसाने जन्मभर एकाही धुनेला संपू दिलं नाही, त्याने ही तिथेच संपवली होती, जिथे माझं लाटणं थांबलं होतं.

म्हणजे त्यांना कळलं होतं.

गिरीश घरी आला तेव्हा अर्धी लाटलेली पोळी पोळपाटावर वाळून गेली होती.