माझ्याच प्रबंधाची चोरी

मंगळवारी भोरच्या कॉलेजच्या लायब्ररीत माझ्यावर चोरीचा आळ आला. तोही कॉम्प्युटरने घेतलेला...

मी शाळेत शिकवत पीएचडी करतेय. गुंजवण्याकडच्या ज्या बायकांची घरं-शेतं धरणात गेली, त्यांच्या आठवणी हा माझा विषय. प्रबंध शुक्रवारपर्यंत जमा करायचा होता आणि त्याआधी लायब्ररीकडून 'मजकूर कुठून उचललेला नाही' असं प्रमाणपत्र लागतं.

ग्रंथपाल सुनंदा मॅडमनी फाईल सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि स्क्रीन लालभडक! जवळजवळ सगळा प्रबंध म्हणे उचललेला. अहो, त्याच बायकांपैकी एक असलेल्या हिराबाईंच्या ओसरीवर बसून, त्यांच्या हातचा चहा पिऊन जे टिपून घेतलं, तेसुद्धा लाल.

माझं डोकंच सणकलं. "मॅडम, हिराबाई काय इंटरनेटवर वाचून बोलल्या होत्या का?" इतक्या जोरात म्हटलं की वाचत बसलेली पोरं वळून बघायला लागली.

आणि मग रडूच आलं... नोकरी, घर, एसटीचे धक्के सांभाळत एवढी वर्षं राबले, ते चोर म्हणवून घ्यायला?

मॅडम मात्र टक्केवारी बाजूला ठेवून, मजकूर कुठल्या फाईलशी जुळतोय ते उघडून बघत होत्या. मग म्हणाल्या, "याआधी कुणाकडून तपासून घेतलं होतंत का?"

घेतलं होतं ना! 'आधी एकदा टाकून बघू' ही आम्हा पीएचडीवाल्यांची खोडच. माझी मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात शिकवते, तिने प्रेमाने तिच्याकडे टाकून बघितलं होतं. तेव्हा सगळं स्वच्छ आलं होतं.

"तिथंच घोळ झाला. त्या कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमची फाईल साठून राहिली. आता तुमचा प्रबंध तुमच्याच प्रबंधाशी जुळतोय."

घ्या! चोर मीच आणि चोरी झाली तीही माझीच...

मॅडमनी लगेच त्या कॉलेजच्या ग्रंथपालांना फोन लावला. कुठली फाईल, ती काढून टाकायची विनंती कशी पाठवायची, सगळं नीट सांगितलं. गुरुवारी पुन्हा तपासलं, तर लाल रंग जवळपास गायब. मी पाया पडायला वाकले, तर "अहो, काय हे!" म्हणत मॅडम मागे सरकल्या.

मॅडम रिटायरमेंटला आल्यात. तरी सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन ट्रेनिंग करतात. पुस्तकं द्यायची-घ्यायची, त्याला एवढं कशाला शिकायचं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्या शिकल्या म्हणून माझा प्रबंध शुक्रवारी वेळेत जमा झाला.

आज पेढे घेऊन हिराबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्या आधी खदखदून हसल्या. "आगं, म्या बोललेलं आन् म्हनं कुनाचं चोरलंय!"

मग हातातला पेढा खाली ठेवून म्हणाल्या, "जमीन गेली तवा आमचं कागद असं उघडून बघनारं कुनी न्हवतं गं. ह्या बाईनं आमचं बोलनं तरी जाऊ दिलं न्हाई."

निघताना त्यांनी घरच्या तांदळाची पिशवी हातात दिली. "ही त्यांना दे. हिराबाईनं दिली म्हनून सांग."

उद्या शाळेच्या आधी लायब्ररीत जाणार आहे. मॅडम, नाही म्हणू नका हं... या तांदळाला नाही म्हणायचं नसतं.