जुन्या फ्रिजमधला डबा

आमच्या शेजारच्या गुणामावशी मूळच्या उरणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. नवीन पनवेलला येऊन बरीच वर्षं झाली. नवरा, बळीरामकाका, अर्धांगवायूने पडल्यापासून मावशींचं सगळं जग त्या खाटेभोवती. काकांनी चमच्याने वाटी वाजवली, की हातातला घास टाकून उठणार. मुलगा प्रणित मदतीला आला, की "तुला नाय जमायचा" म्हणून त्याला परत पाठवणार.

यंदा मावशींची साखर काही केल्या उतरेना. पथ्य कडक, गोळ्या चालू, तरी उपाशीपोटीची साखर चढीच. डॉक्टर म्हणाले, "ताणाचं हार्मोन वाढलंय का, तेही बघू." चोवीस तासांची लघवी साठवायला मोठा डबा दिला. तो थंड ठेवायचा होता.

"फ्रिजात? देवाच्या निवेदाच्या दुधाशेजारी?" मावशी हादरल्याच. "मला काय झाला तं ह्यांना कोन, म्हणून तपासाला हो म्हटला. पन ह्ये नाय!"

आमच्या गॅलरीतला जुना फ्रिज रिकामाच होता. मी म्हटलं, रविवारी माझ्याकडेच राहा. प्रणितला सुट्टी होती. पिशवीत डबा लपवून निघालेल्या आईला त्याने हटकलं, "आई, काय नेतेस गो?"

"तुज्या बापाची इस्टेट!"

दिवसभर त्यांनी माझ्याकडे वाल सोलले, दुपारी पंख्याखाली चक्क घोरल्या. भिंतीपलीकडे वाटी वाजली की दचकून उठायच्या. लगेच प्रणितचा आवाज यायचा, "आलो, बाबा." मग पुन्हा टेकायच्या.

हार्मोनचा रिपोर्ट चांगला आला. दुसऱ्या सकाळची साखरही कधी नव्हे ती उतरलेली. डॉक्टरांनी विचारलं, "त्या दिवशी वेगळं काय केलंत?"

"वाल सोलले," मावशी म्हणाल्या. मग मीच सांगितलं, की तो यांचा रोजचा दिवस नव्हताच.

"मग तपासणी रोजच्यासारख्या दिवशी पुन्हा करावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

परतताना रिक्षात मावशी हळूच म्हणाल्या, "प्रणितनी त्या दिशी ह्यांची दाढी केलती, बघितलीस ना? माझ्यापरीस बरी केलती."

डॉक्टरांनी दिलेला नवा डबा अजून रिकामाच आहे. मावशी मात्र आता संध्याकाळी प्रणित कामावरून आला की माझ्याकडे येतात. काल वाटी वाजली, तशा उठून दारापर्यंत गेल्या. थांबल्या. कान दिला. पलीकडून "आलो, बाबा" ऐकू आलं.

परत येऊन बसल्या. "च्या टाक गो बाय," म्हणाल्या, "बिनसाखरेचा."