काळ्या वाळूवरची मुलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका मुलीचं चित्र माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं आहे. ते तिनं मला दिलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. त्या वर्षी स्पर्धेचा विषय होता, थंडीत खेळणारी मुलं. परीक्षक मीच. बहुतेक कागदांवर बर्फ होता, कारण फळ्याशेजारी मीच कॅलेंडरवरचा बर्फाचा माणूस चिकटवला होता. कोल्हापुरात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, आणि मी पोरांना त्याला गाजराचं नाक लावायला शिकवत होतो.

उचगावहून येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीनं मात्र काळा ढीग काढला होता. त्यावर चार अनवाणी मुलं, प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला काहीतरी गोल. तिचे वडील शिरोलीला फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होते.

"हे काय, कुत्री ओढतायत?" मी विचारलं. वर्ग हसला.

"न्हाय सर, लोहचुंबक हाय. फुटक्या स्पीकरातलं. फौंड्रीची जळकी वाळू टाकत्यात न्हवं, त्यातनं लोखंड काढायचं."

"मग हे काम झालं. खेळ कुठाय?"

"खेळच की सर. ज्याला जास्त घावंल त्यो राजा. आनि सकाळची वाळू गरम असत्या, पाय शेकत्यात. मी बी जातो की."

चित्र सगळ्यांत चांगलं होतं. मला ते तिथंच कळलं होतं. पहिला नंबर म्हणून तेच मी मुख्याध्यापकांपुढं ठेवलं.

"बक्षीस द्यायला येणारं पावणं फौंड्रीवालं हायत," ते म्हणाले. "त्यांचाच उकिरडा फ्रेम करून त्यांना दावताय व्हय? लई शाने हायसा तुमी."

त्यांचा राग मी वर्षानुवर्षं जपला. सोयीचा होता. पण त्यांनी माझा हात धरला नव्हता. मला नोकरीत कायम व्हायचं होतं, म्हणून तोंड बंद ठेवलं, चित्रामागं लाल पेन्सिलीनं 'विषय सोडून' असं लिहिलं आणि बर्फाच्या माणसाला पहिला नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी ती आली. "सर, माझं काय चुकलं? नंबर आला तर आप्पा मला रविवारच्या चित्रकलेच्या क्लासला घालणार हुते."

"असल्या ढिगावर कोण खेळतं? जरा बघून काढत जा."

बघून काढत जा. सबंध वर्गात बघून काढणारी ती एकटी होती, आणि बघून काढायला मी तिलाच सांगितलं. तिनं चित्र परत मागितलं. सापडत नाही, म्हणालो. ते माझ्याच पिशवीत होतं.

पुढच्या वर्षी तिनं बर्फ काढला. गाजरासकट. मी त्यावर 'छान' असा शेरा दिला.

ती आता कुठं असते, हे उचगावात विचारलं तर तासाभरात कळेल. मी विचारलेलं नाही. तिचं चित्र तिला परत द्यायचं आहे, आणि मागचे ते दोन शब्द खोटे होते हे तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे. दोन्ही बाकी आहे.