रडका अर्ज आणि वन्संची बंदूक

हिरावन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. भाचा म्हणाला, "मामी, आई गेली... झोपेतच. मळ्यातच." डोळे भरले, पण त्याआधी मनात आलं, मळ्यातच! म्हणजे बाई शेवटपर्यंत जिंकली.

वन्संचा नवरा गेल्यावर खोडदच्या उसातल्या घरात राहायचं की मुलाच्या चाकणच्या खोलीत, हा त्यांचा झगडा होता. गोठ्यातली कालवड वाघानं नेली, तेव्हा मुलानं अट घातली : बंदुकीचा परवाना मिळाला तर राहा, नाहीतर गाठोडं बांध. परवाना मिळायचा नाही, अशी त्याची खात्री.

अर्ज लिहिला मी. शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळालेली, ती चाळिशीतही डोक्यावर घेऊन फिरत होते! 'नरभक्षक वाघाच्या डरकाळीने ही अबला थरथर कापत आहे, तिच्या अश्रूंनी ऊस भिजला आहे...' लिहिता लिहिता मीच पदर डोळ्यांना लावला. वन्सं मिश्री लावत म्हणाल्या, उसाला पाटाचं पानी पुरतं की गं.

कचेरीत साहेबांनी अर्ज वाचला नि चष्मा काढला. या तालुक्यात वाघ नाही बाई, म्हणाले. आम्ही खोडदकडची माणसं बिबट्याला वाघच म्हणतो, ते कागदावर चालत नाही हे माझ्या ढालीला कुठलं ठाऊक! मी पाणी पाणी. वन्सं मात्र पुढं सरकल्या.

"साहेब, वाघ हिनं कागदात आनलाय. माज्या गोठ्यात बिबट्याच येतो."

साहेब हसले. पण थरथरणाऱ्या हातात बंदूक कशी द्यायची, म्हणाले. वन्संनी हात टेबलावर ठेवला. जात्याच्या दगडी पाळीसारखा, गच्च.

"मी भीत न्हाई, म्हून मागती. भेनाऱ्याला दिऊच नका. त्यो सावलीवर गोळी घालंल."

मी दया मागितली होती, त्यांनी भरवसा मागितला. परवाना आला. मुलानं गाठोड्याचं नाव काढलं नाही.

त्या बंदुकीतून एकही गोळी सुटली नाही. रोज तिन्हीसांजेला ओट्यावर बसून वन्सं तिला तेल लावायच्या आणि उसाकडे बघून खणखणीत सांगायच्या, "जागी हाय रं बाबा मी."

बंदूक आता पोलिसांकडे जमा आहे. दशक्रियेच्या संध्याकाळी ऊस सळसळला. ओट्यावर बसलेला भाचा, चाकणचा, खाली मान घालून मोबाइल बघणारा, वर न बघताच ओरडला, "जागा हाय रं मी..."

आणि मग लाजून माझ्याकडे बघत म्हणाला, मामी, एवढा हंगाम राहीन म्हणतो.