पडलेलं पान

रंगमंचावर मी जन्मभर मोठ्या आवाजात बोललो. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे, ही आमच्या नाटक कंपनीची शिस्त. त्यामुळे ब्रिजमध्ये डमी व्हायची पाळी आली की माझा जीव जातो. जोडीदार डाव खेळतो आणि डमीने आपली पानं टेबलावर उघडी मांडून मुकाट बसायचं. पण त्या रविवारी बारामतीत मी डमी होतो, म्हणूनच कौसल्याबाईंना इतक्या जवळून बघता आलं. किती नायिकांसमोर उभा राहिलोय मी! त्यांतली एकही त्या दिवशीच्या बाईंसमोर टिकली नसती.

कौसल्याबाई अंथुर्ण्याच्या लेक, कोऱ्हाळे बुद्रुकच्या सून. मालक साखर कारखान्यात होते. कॉलनीच्या क्लबात नवऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्या ब्रिज शिकल्या आणि चौथा गडी आला नाही की स्वतः बसू लागल्या. मालक गेल्यावर लोकांना वाटलं, आता पत्ते सुटले. बाईंनी पुण्याला जाऊन पंचाची परीक्षा दिली. परतीच्या एसटीत पिशवीत ढोबळी मिरचीचं बियाणं होतं, तेही लावलं. बाईंचं दोन्ही चालू.

आमचा क्लब मोहनरावांच्या खतांच्या दुकानावरच्या माडीत भरायचा. मोहनराव म्हणजे बाईंचे थोरले दीर. दिलदार माणूस. जागा त्यांची, चहा त्यांचा, वर्षाचा चषकही त्यांनीच ठेवलेला. पंच म्हणून भावजयीचं नाव त्यांनीच सुचवलं. "घरचाच पंच बरा," म्हणाले आणि हसले. त्या घराची रीत अशी, की धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. निरोप मुलांकरवी जायचा. सासरी आल्यापासून बाईंनी ती पाळली. क्लबातही 'या टेबलाला सांगते' असं म्हणून त्या निकाल द्यायच्या. मोहनरावांना म्हणून कधी काही नाही.

मोहनराव मुळात मेंढीकोटातले. आजोळी, निमगाव केतकीच्या पारावर शिकलेले. तिथली दोन वळणं हाताला कायमची लागली. जिंकायचं पान दाणकन आपटायचं, आणि हात उचलला जाईपर्यंत मन बदललं तर ते परत घ्यायचं. पारावर ते चालतं. ब्रिजमध्ये हातातलं पान उघडं टेबलावर ठेवलं की खेळलं. तरी आम्ही मोहनरावांना परत घेऊ द्यायचो. त्यांच्याच चहाचा घोट तोंडात असताना कोण बोलणार?

तो चषकाचा शेवटचा डाव. मी आणि मोहनराव जोडीला. विरुद्ध बाजूला दिपाली, शाळेत शिकवणारी, नव्यानेच खेळायला लागलेली. मोहनरावांकडे दोन पानं उरली होती, बदामचा एक्का आणि हुकमाची राणी. दोन्ही हात झाले तर चषक आमचा. दिपालीकडे बदाम नव्हता, पण हुकमाचा एक पंजा दडलेला होता. आधी राणी टाकून तो काढून घ्यायचा, मग एक्का. मोहनराव पंजा विसरले. एक्का असा आपटला की टेबलावरचे पेले हलले.

दिपाली पान उचलतेय तोवर त्यांना पंजा आठवला. एक्का परत छातीशी गेला.

"थांब पोरी. आधी राणी."

"काका, पान पडलं की."

"मग काय झालं? तू कुठं टाकलंस अजून?"

"पंच!" दिपालीने हात वर केला.

कौसल्याबाई डोक्यावरचा पदर सारखा करत आल्या. "आबा, काय झालं ते सांगा," मला म्हणाल्या. पंचाने विचारलं की डमीलाही बोलता येतं.

"एक्का टेबलावर पडला. तोंड वर," मी म्हणालो.

"जोतीराम, तू माझा गडी का तिचा?" मोहनराव कडाडले.

"तुमचाच. पण आवाज खाली दुकानात गेला, मोहनराव. मी काय झाकू?"

मग ते बाईंकडे न बघता मला म्हणाले, "हिला सांग, थोरल्या माणसाला एक पान परत देत्यात. घरची रीत हाय. जमत नसंल तर माडीला कुलूप, आन् पंच दुसरा."

बाईंची खुर्चीच पणाला लागली. मी निरोप सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी हातानेच मला थांबवलं आणि सरळ दिराकडे पाहिलं.

"भावजी, पान खाली ठेवा."

शेजारच्या टेबलांवरचे खेळ थांबले.

"मला बोलतीस?"

"तुमालाच. घरात तुमी थोरलं. ताट आधी तुमाला वाढलं, पुढंबी वाढीन. हितं चौघं सारखी. हातातनं निसटलं असतं तर विचार केला असता. तुमी तर आपटलं."

"लई झालं. सोड ती खुर्ची."

"सोडते. डाव संपल्यावर. तवर पंच मी हाय. एक्का ठेवा."

मोहनरावांनी ठेवला. दिपालीने पंजा मारला. चषक माझ्याही हातून गेला, तरी पहिली टाळी मीच वाजवली. दाद द्यायला मी कधी हात आखडला नाही.

मोहनराव शब्दाचे पक्के. पुढच्या रविवारी माडीला कुलूप. बाईंनी ज्याला त्याला फोन केला, "कोऱ्हाळ्याला या, आमच्या मिरचीच्या शेडात." क्रेट उलटे घालून, वर फळ्या टाकून टेबलं केली. मला धाकधूक होती. रिकामं नाट्यगृह कसं दिसतं ते मी पाहिलंय. पण लोक आले, बारामतीतून आले, इंदापुरातून आले. खुर्च्या कमी पडल्या. मोहनराव तेवढे आले नाहीत.

पानं वाटता वाटता दिपालीने हळूच विचारलं, "काकू, आता घरी कसं? मोहनकाका बोलतात का?"

"मी बोलते," बाई म्हणाल्या. "सकाळीच म्हणलं, भावजी, च्या ठेवलाय, आन् दुपारी शेडात डाव हाय. त्यांनी बोलायचं का न्हाय, ते त्यांचं त्यांनी बघावं. चला, उचला पानं."