हनोखकाकांची पाण्याची पाळी

वरच्या मजल्यावरचे हनोखकाका गेल्याचं त्यांच्या मुलीनं, रिव्कानं, दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून भलताच प्रश्न गेला. ‘‘किती वाजता?’’ ती म्हणाली, ‘‘काल संध्याकाळी. हायत्सुंगजवळच्या खुर्चीत.’’ हायत्सुंग म्हणजे खोली उबदार ठेवणारे गरम पाण्याचे पाइप. मला नेमकी तीच भीती होती.

काका रेवदंड्याचे बेने इस्रायली, तेल्याच्या घरातले. तरुणपणी इस्रायलला गेले आणि आपल्यासारख्याच कोकणी ज्यूंनी माळरानावर वसवलेल्या सहकारी शेतीच्या गावात, मोशावात, राहिले. म्हातारपणी मुलीनं स्टुटगार्टला आणलं. रोज संध्याकाळी पाचला ते हायत्सुंगच्या पाइपवर तीन टोले मारत; तोच पाइप खाली माझ्या घरात उतरतो. मी नवखा, नियमांचा धाक फार. घरमालकाच्या ऑफिसला जर्मनमध्ये लांबलचक तक्रार लिहिली. ऑफिसनं ती वर पाठवली आणि काका ती हातात घेऊनच खाली आले. ‘‘आडनाव कुलकर्णी, अन् तक्रार जर्मनमध्ये? वर येऊन मराठीत भांडायचं की हो!’’

मग चहावर उलगडा झाला... गावात पाणी पाळीनं मिळे. आपली पाळी संपली की पाइपवर तीन टोले द्यायचे. पुढच्या शेतातून तीन टोले परत आले की मगच जागा सोडायची. ‘‘नाहीतर पाणी वाया जायचं. उत्तर येईस्तोवर उभं राहायचं, अंगात ताप असला तरी.’’ शनिवारी मात्र सब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा वार, टोले नाहीत. त्या दिवसापासून मी खालून चमच्यानं उत्तर देऊ लागलो. दिलं की वर त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

काका गेले त्या संध्याकाळी मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो. तीन टोले आले. थोड्या वेळानं पुन्हा... आणि पुन्हा. मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. याची लाज मला जन्मभर पुरेल.

मग वरचं घर रिकामं झालं, तिथली हायत्सुंग बंद झाली. तरी पाचला पाइप वाजायचाच. तीनदा. प्लंबर म्हणाला, ‘‘आल्झो, म्हणजे कसं, लोखंड आहे, तापतं-निवतं, वाजणारच.’’ ‘‘गेनाऊ, अगदी बरोबर,’’ मी म्हटलं. शनिवारी का वाजत नाही, हे मात्र त्याला विचारलं नाही. मी उत्तरही देत नव्हतो. दिलं तर काका जागा सोडतील ना!

परवा टोले आले तेव्हा बायको हळूच म्हणाली, ‘‘अहो, म्हाताऱ्या माणसाला किती दिवस उभं ठेवणार?’’ मी चमचा घेतला. तीन टोले दिले. वर, त्या रिकाम्या घरात, खुर्ची सरकली...

काल पाचला पाइप गप्प होता. मी मात्र चमचा हातात धरून बराच वेळ तिथंच उभा होतो.